शहरात गेल्यावर उपाशी राहायचं नाही



आमच्या गटातली एक ताई मध्यंतरी सासूबाईंना घेऊन कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात गेली होती. तीन दिवस राहावं लागलं. सासूबाईंना जेवण दवाखान्यातून मिळत होतं. ताई मात्र तिन्ही दिवस चहा-बिस्किटावर राहिली. तिसऱ्या दिवशी औषधं आणायला निघाली आणि जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथल्या एका मावशींनी तिला पायरीवर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का गं?"

ती परत आल्यावर आम्ही विचारलं, पैसे संपले होते का? तर नाही. कनवटीला पाचशेची नोट तशीच होती. मग? ती म्हणाली, "किती घेतील ते माहीत नाही. आत सगळे बाप्येच बसलेले. एकटी कशी जाऊन बसू?"

आम्ही तिच्याबरोबर हिशेब केला. दहाचा चहा आणि दहाचा बिस्किटपुडा, दिवसातून चार वेळा, म्हणजे ८० रुपये. तीन दिवसांचे २४०. साध्या खाणावळीत तेवढ्यात रोज एक वेळचं चपाती-भाजी-आमटी-भाताचं जेवण झालं असतं, किंवा झालं नसतं तरी थोडेच पैसे वर लागले असते. म्हणजे पैसे गेलेच, आणि पोटही रिकामंच राहिलं.

ही एकट्या ताईची गोष्ट नाही. दवाखाना, कोर्ट, मुलीची परीक्षा, बँकेचं काम, कशालाही आपण शहरात जातो आणि "घरी जाऊनच जेवू" म्हणतो. म्हणून आज आपण बोलणार आहोत, परक्या गावात चांगलं, ताजं आणि परवडणारं जेवण कसं शोधायचं याबद्दल. उदाहरण कोल्हापूरचंच घेऊ, कारण आपल्या भागातल्या बायांचं येणं-जाणं तिकडेच जास्त.

आधी बसण्याची भीड

हॉटेलात कुणी बसायचं, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. सवर्णांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना पैसे देऊन स्वतःचा धंदा सुरू करायला सांगितलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. लोक तिथे चहा प्यायला येईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. आज त्याच शहरात कुणीही कुठल्याही हॉटेलात बसू शकतं, त्यामागे असं कुणीतरी आधी जाऊन बसलेलं आहे. आपणही पैसे देऊन जेवतो, मग भिंतीकडे तोंड करून कशाला बसायचं?

तरी पहिल्यांदा अवघड वाटतंच. आम्हालाही वाटलं. आमचा अनुभव असा की गल्ल्याजवळचं, उजेडातलं टेबल घ्यावं. मालकाशी किंवा वाढणाऱ्या मावशींशी सरळ बोलावं, "दादा, साधं जेवण कितीला?" एकदा तोंडानं विचारलं की निम्मी भीड जाते. काही ठिकाणी पडदा लावलेली फॅमिली रूम असते. आवडत असेल तर तिथे बसा, पण एकट्या बाईनं तिथेच बसावं असा नियम नाही. आणि बसण्याआधी बाथरूम आहे का ते विचारा. बाथरूम नाही म्हणून पाणी न पिणं आणि पाणी प्यायला नको म्हणून न जेवणं, हे आपण फार करतो. लघवीची जळजळ घेऊन घरी येण्यापेक्षा विचारलेलं बरं.

खाणावळ शोधायची कुठे?

स्टँडच्या दारातलं आणि दवाखान्याच्या फाटकासमोरचं हॉटेल घाईच्या गिऱ्हाइकावर चालतं. तिथे येणारा माणूस बहुधा एकदाच येतो. आतल्या गल्लीतली खाणावळ रोजच्या गिऱ्हाइकावर चालते. आज भाजी बिघडली तर उद्या तो माणूस येणार नाही, याची तिथल्या मालकाला जाणीव असते. म्हणून दोन-तीन मिनिटं आत चालत जा.

विचारायचं कुणाला? दवाखान्यातल्या मावशी, सिस्टर, मेडिकलच्या दुकानातली मुलगी, कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्या बाई. प्रश्न मात्र नीट विचारा. "चांगलं हॉटेल कुठे आहे?" असं विचारलं तर लोक मोठं हॉटेल दाखवतात. "तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?" असं विचारा.

शिकणारी मुलं राहतात त्या भागातही बघा. कोल्हापुरात बाहेरगावच्या मुलांनी येऊन शिकण्याची परंपरा जुनी आहे. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. मुलं आली की त्यांच्या जेवणाची सोयही येतेच. आजही मुलामुलींच्या खोल्या असलेल्या भागात महिन्याच्या मेस चालतात आणि बऱ्याच मेसमध्ये एका वेळचं जेवणही देतात. तिथे मुलीही जेवायला असतात, त्यामुळे आपल्याला अवघडल्यासारखं होत नाही.

एक सूचना. "जिथे ड्रायव्हर जेवतात तिथे जेवण चांगलं", असं आपण ऐकत आलो. रिक्षावाले रोज पदरच्या पैशांनी जेवतात, तिथे हे खरं आहे. हायवेवरच्या मोठ्या ढाब्यावर गाडी थांबवल्याबद्दल ड्रायव्हरला पुष्कळदा फुकट जेवण मिळतं. तिथे त्याच्या जेवणावरून काही ठरवू नका.

ताजं आहे हे कसं ओळखायचं?

शक्यतो दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान जेवा. त्या वेळी स्वयंपाक नुकताच झालेला असतो आणि गर्दीमुळे भांडी लवकर रिकामी होतात. तीननंतर गेलात तर भात गार आणि भाजी परत गरम केलेली मिळण्याची शक्यता जास्त.

फळ्यावर दोन भाज्या, एक आमटी, चपाती, भाकरी एवढंच लिहिलेलं असेल तर बिचकू नका. रोज मोजकेच पदार्थ करणाऱ्याकडे शिळं उरत नाही. पन्नास पदार्थांची यादी असलेल्या लहान हॉटेलात मात्र बरंच काही आधी करून ठेवलेलं असतं.

वाढलेल्या भात-आमटीतून वाफ यायला हवी. शिजवलेलं अन्न कोमट अवस्थेत बराच वेळ राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. कापून ठेवलेला कांदा-काकडी आणि उन्हाळ्यातली ओल्या खोबऱ्याची चटणी यांबद्दल शंका आली तर सोडून द्या. वडे-भजी वर्तमानपत्राच्या कागदावर देत असतील तर ताटली मागा. छपाईची शाई तेलकट, गरम पदार्थाला लागते आणि ती पोटात जाणं चांगलं नाही.

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकानं सरकारकडे नोंदणी करायची असते. तो चौदा आकडी नंबर दिसेल असा लावायचा असतो. छोट्या खाणावळीलाही हे लागू आहे. नंबर आहे म्हणजे जेवण उत्तमच असतं असं नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर तो उपयोगी पडतो.

बसण्याआधी चार प्रश्न

पहिला: थाळी कितीला आणि त्यात काय काय? काही ठिकाणी दोन चपात्या येतात, काही ठिकाणी तीन. भात कुठे धरलेला असतो, कुठे वेगळा.

दुसरा: जादा चपाती कितीला? समजा थाळी ९० रुपयांना आहे, दोन चपात्या येतात आणि जादा चपाती १५ ला आहे. तुम्हाला चार लागत असतील तर तुमचं जेवण १२० चं झालं. शेजारी ११० ला पोटभर थाळी असेल तर तीच स्वस्त. पाटीवरचा आकडा बघून ठरवू नका, आपल्या भुकेचा आकडा काढा.

तिसरा: दोघींत एक थाळी चालेल का? पोटभर थाळीत हे चालत नाही आणि ते बरोबरही आहे. मोजक्या थाळीत मात्र एक थाळी आणि वर दोन-तीन चपात्या घेतल्या तर मूल आणि आई जेवू शकतात.

चौथा: साधं पाणी मिळेल ना? न विचारता बाटली फोडून ठेवली तर ती बिलात येते. "जगातलंच द्या" असं आधीच सांगा.

नाश्त्यावर दिवस काढायचा असेल तर मिसळ घ्या. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात आणि बऱ्याच ठिकाणी कट पुन्हा वाढतात. मटकीमुळे पोटाला आधार राहतो. तिखट सोसत नसेल तर कट वेगळा मागा आणि दही घ्या. झुणका-भाकर मिळाली तर आणखी चांगलं. मधुमेह असलेल्या बाईला वडापावापेक्षा ते केव्हाही बरं. आणि शाकाहारी मैत्रिणींसाठी एक गोष्ट: पांढरा रस्सा दिसायला दुधासारखा असला तरी तो मटणाच्या पाण्याचा असतो. न विचारता वाटी ओढू नका.

अगदीच पैसे कमी असतील तेव्हा

२६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात, सुरुवातीची किंमत १० रुपये. केंद्रावर थाळ्या ठरावीक असतात आणि वेळही दुपारची ठरलेली असते. म्हणून दवाखान्यात किंवा स्टँडवर पोचल्याबरोबर जवळ केंद्र चालू आहे का, ते विचारून ठेवा. अंबाबाईच्या देवळाजवळ दुपारी अन्नछत्रही असतं. अशा पंगतीत बसण्यात कसलाही कमीपणा नाही. तिथे सगळे एकाच ओळीत बसतात.

बिल बघा

बिलावर जीएसटी लावला असेल तर दुकानाचा जीएसटी नंबर छापलेला हवा. नंबर नसेल तर तो कर घेता येत नाही. साध्या रेस्टॉरंटला हा कर ५ टक्के असतो. सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट. तो आपोआप बिलात धरायचा नाही, असं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. तो काढायला सांगा. दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

स्वस्त, पण कुणाच्या जिवावर?

आता थोडं त्या बाजूच्या बाईबद्दल. हॉटेलला १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो, घरचा चालत नाही. तेल, डाळ, भाडं आहेच. त्यामुळे शेजारपाजारी सगळीकडे ९० ला थाळी असताना कुणी ४० ला देत असेल, तर ते पैसे कुठे वाचवले असतील याचा विचार करा. परत परत तापवलेलं तेल, पाणीदार डाळ, किंवा भाकरी थापणाऱ्या बाईची मजुरी, यातलं काहीतरी कापलेलं असतं.

खाणावळ हा पिढ्यान्‌पिढ्या बायांनी चालवलेला धंदा आहे. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना घरात स्वयंपाक करून जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्या हातांनी गिरण्या चालवणाऱ्यांना जेवू घातलं, त्या हातांची कमाई तोवर कुणी मोजलीच नव्हती. म्हणून बचत गटाची खाणावळ दिसली तर तिथे जरूर जेवा. भाव आधी विचारा, पण जेवून झाल्यावर दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

आमची ती ताई परवा पुन्हा तपासणीला गेली होती. या वेळी त्या मावशींनाच तिनं विचारलं, "तुम्ही कुठे जेवता?" त्यांनी मागच्या गल्लीतली एक खाणावळ दाखवली. ती गेली, भाव विचारला, जेवली. आल्यावर म्हणाली, "पहिला घास घेताना सगळे बघतायत असं वाटलं. मान वर करून बघितलं तर जो तो आपापल्या ताटात."

मैत्रिणींनो, तुम्हाला माहीत असलेली अशी जेवणाची ठिकाणं आम्हाला कळवा. कुठल्या गावात, कुठल्या गल्लीत, किती रुपयांत, बाथरूम आहे का, बाई वाढायला आहे का. आम्ही ती एका वहीत लिहून घेतोय. दवाखान्याला निघालेल्या कुठल्याही बाईनं केंद्रावर फोन केला की वहीतून तिला पत्ता सांगायचा, असं ठरवलं आहे.

आणि शहरात निघताना पिशवीत रिपोर्टची फाइल ठेवाल, तेव्हा जेवणाचे शंभर-सव्वाशे रुपये वेगळ्या गाठीला बांधा. ते दुसऱ्या कशालाही खर्च करायचे नाहीत.