तीन रोधक, पाच गैरसमज

एकसर आणि समांतर जोडणीची सूत्रं शाळेतच पाठ होतात. मात्र मिश्र जोडणी ब्रेडबोर्डवर उभी राहिली आणि मल्टीमीटर हातात आला की भलेभले गोंधळतात. म्हणून एकच सर्किट नीट पाहू. ९ व्होल्टचा स्रोत, त्याला एकसर जोडलेला १ किलोओहमचा रोधक आणि त्यापुढे एकमेकांना समांतर असलेले १.५ व ३ किलोओहमचे दोन रोधक. समांतर जोडीचा परिणामी रोध १ किलोओहम, एकूण रोध २ किलोओहम, म्हणून धारा ४.५ मिलिअँपिअर.

गैरसमज १ : रोधकातून जाताना धारा खर्च होते.
वस्तुस्थिती : पहिल्या रोधकाच्या अलीकडे मोजा किंवा पलीकडे, धारा ४.५ मिलिअँपिअरच भरते. खर्च होते ती ऊर्जा. तिची उष्णता होते. जोडबिंदूत जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते, हा नियम किरचॉफ यांनी १८४५ मध्ये मांडला.

गैरसमज २ : धारा कमी रोधाच्या वाटेनेच जाते.
वस्तुस्थिती : ती सगळ्या वाटांनी जाते, फक्त रोधाच्या व्यस्त प्रमाणात. समांतर जोडीवर ४.५ व्होल्ट असतात. त्यामुळे १.५ किलोओहममधून ३ आणि ३ किलोओहममधून १.५ मिलिअँपिअर जाते. बेरीज पुन्हा ४.५.

गैरसमज ३ : नवा रोधक जोडला की धारा कमी होणारच.
वस्तुस्थिती : समांतर जोडीला आणखी एक १ किलोओहमचा रोधक समांतर लावून पाहा. तिथला रोध निम्मा होतो, एकूण रोध १.५ किलोओहमवर येतो आणि धारा ६ मिलिअँपिअरपर्यंत वाढते. शिवाय ज्याला हातही लावला नाही त्या पहिल्या रोधकावरचं विभवांतर ४.५ वरून ६ व्होल्ट होतं.

गैरसमज ४ : रोध आहे त्या जागीच मोजता येतो.
वस्तुस्थिती : ओहमच्या रेंजवर मीटर स्वतःची धारा सोडतो. सर्किट चालू असेल तर रीडिंग चुकतं, मीटरही बिघडू शकतो. स्रोत काढला तरी मूळ सर्किटमधल्या ३ किलोओहमच्या रोधकाला प्रोब लावल्यावर १ किलोओहमच दिसतो, कारण शेजारचा रोधकही मोजला जातो. रोधकाचा एक पाय मोकळा करा, मगच मोजा. सोनेरी पट्टा असेल तर ५ टक्क्यांची तफावत धरा. १ किलोओहमऐवजी ९७० ओहम आले तर तो रोधक सदोष नाही.

गैरसमज ५ : मीटर जोडल्याने सर्किटला काही फरक पडत नाही.
वस्तुस्थिती : अ‍ॅमीटरचा रोध अगदी कमी, म्हणून तो धारेच्या वाटेत, एकसर लावायचा. तोच थेट स्रोताच्या दोन टोकांना लागला तर शॉर्टसर्किट होऊन फ्यूज उडतो. व्होल्टमीटर समांतर लावायचा. साध्या डिजिटल मीटरचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. आपल्या सर्किटला त्याचा उपद्रव नगण्य. पण ९ व्होल्टवर १-१ मेगाओहमचे दोन रोधक एकसर असतील, तर एकावर ४.५ ऐवजी सुमारे ४.२९ व्होल्ट दिसतात.

सर्किट हे एक कुटुंब आहे. एका ठिकाणचा बदल सगळ्यांना जाणवतो. त्यामुळे आधी कागदावर अपेक्षित आकडा काढावा आणि मग प्रोब टेकवावा. दोन्हींत तफावत आली तर सूत्रावर शंका घेण्याआधी जोडणी, मीटरची रेंज आणि प्रोब कोणत्या सॉकेटमध्ये आहे, हे तपासावं.