लिनक्सवर चालणारा घरचा संगणक : बिघाड आणि बंदोबस्त

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला मिळणारे नेहमीचे मोफत साहाय्य थांबविले. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील आपल्या धर्मग्रामांत अशी कितीतरी घरे आहेत, जेथील संगणक दहा-बारा वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरील दुकानातून सुटे भाग जुळवून आणलेला आहे. (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्या रस्त्याचे अधिकृत नाव. बोलण्यात मात्र लॅमिंग्टन रोडच.) विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. ते नसल्याने उत्तम चालणारे यंत्रही निकालात निघते. अशा वेळी घरातील मुलगा किंवा नात त्यावर उबुंटू अथवा लिनक्स मिंट बसवून देते. पुढे तीच नात नोकरीसाठी पुण्याला किंवा आखाती देशात निघून जाते आणि संगणक आजी-आजोबांच्या स्वाधीन होतो. त्यात घरातील छायाचित्रे असतात, पेन्शनची कागदपत्रे असतात आणि बँकेचे व्यवहारही त्यावरूनच होतात. प्रस्तुत लेख अशा, मागे राहिलेल्या वाचकांसाठी आहे.

लिनक्स ही १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेली मुक्त प्रणाली होय. आपल्या मुंबईचेही तिच्याशी नाते आहे. जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने या शतकाच्या आरंभी ‘इंडिक्स’ प्रकल्पाद्वारे लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून काम केले. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली. पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प तर लिनक्सचे प्राथमिक धडे मराठी आवाजात विनामूल्य उपलब्ध करून देतो. ज्यांना वाचण्यापेक्षा ऐकणे सोयीचे वाटते त्यांनी ते अवश्य ऐकावेत.

आता बिघाडांकडे वळू. संगणक अडला की ‘सगळे पुसून नव्याने टाका’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. लिनक्सच्या बाबतीत तो सल्ला बहुधा अनाठायी असतो. संगणक काय म्हणतो आहे ते आधी वाचावे आणि पडद्यावरील संदेशाचे मोबाईलने छायाचित्र काढून ठेवावे. परगावी असलेल्या नातीला ‘चालत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा ते छायाचित्र पाठविले, तर अर्धे निदान तेथेच होते.

घड्याळाचेच उदाहरण घ्या. संगणक वेळ चुकीची दाखवू लागला, तर ती किती चुकली आहे ते पाहावे. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर यंत्रात काहीही बिघडलेले नाही. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदत असले की असे घडते. यंत्रातील घड्याळ लिनक्स जागतिक प्रमाणवेळेनुसार लावते, विंडोज स्थानिक वेळेनुसार. आणि भारतीय वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सलाही स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक सेटिंग असते, ती जाणकाराकडून एकदा करून घ्यावी. परंतु तारीख कित्येक वर्षे मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले आढळते आणि ती अल्प किमतीत मिळते. तारीख चुकलेली असताना बँकेचे संकेतस्थळ ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणून उघडण्यास नकार देते, आणि घरात ‘व्हायरस शिरला’ म्हणून घबराट उडते. दोष व्हायरसचा नसून त्या नाण्याचा असतो.

नव्याने लिनक्स बसविल्यावर वायफाय न दिसणे हाही नित्याचा अनुभव आहे. काही जुन्या वायफाय चिपांचे, विशेषतः ब्रॉडकॉम बनावटीच्या, ड्रायव्हर वेगळे उतरवून घ्यावे लागतात. आणि ते उतरवायला तर इंटरनेट हवे! हा तिढा मोबाईल सोडवतो. चार्जिंगच्या वायरीने फोन संगणकाला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. इंटरनेट मिळताच मिंटमधील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला, की योग्य ड्रायव्हर तो स्वतःच सुचवितो.

अपडेटनंतर संगणक सुरूच झाला नाही, तर धीर सोडू नये. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याची जुनी आवृत्ती बहुधा शिल्लक असते. यंत्र सुरू होताना शिफ्ट, किंवा अलीकडच्या यंत्रांत एस्केप, ही कळ दाबावी म्हणजे ‘ग्रब’ नावाची यादी दिसते. तीतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडावा, पुष्कळदा संगणक पूर्ववत चालू लागतो.

वीज अचानक गेल्याने होणारा बिघाड याहून गंभीर. संगणक लिहीत असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ असा शब्द येऊन गाडी थांबू शकते. फाईलव्यवस्थेची तपासणी करा, असे ते सांगणे असते. तपासणीची आज्ञा आहे, परंतु ती देण्यापूर्वी एक गोष्ट करावी असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसविले, त्यावरूनच संगणक सुरू करावा. असा सुरू झालेला लिनक्स हार्ड डिस्कला हात न लावता चालतो. मग ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्राममध्ये हार्ड डिस्कच्या प्रकृतीचा ‘स्मार्ट’ अहवाल पाहावा. डिस्कच मरणपंथाला लागली असेल, तर दुरुस्तीच्या खटाटोपात उरलेसुरले जाऊ शकते. तेव्हा आधी छायाचित्रे व कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि मग दुरुस्तीला लागावे. तो पेनड्राइव्ह म्हणून कधीही पुसू नये. नाव लिहून कपाटात ठेवावा. हिंदमाता-परळच्या सखल भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी बॅकअपची डिस्क पावसाळ्यात संगणकाशेजारी न ठेवता वरच्या मजल्यावरील नातलगाकडे ठेवावी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाची सोय असते आणि ती चालू असली म्हणजे सर्व काही सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते. टाइमशिफ्ट प्रणालीची प्रत ठेवते; घरच्या फाईली ती मुळात वगळते. लग्नाच्या फोटोंची प्रत निराळी काढावी लागते.

बंदोबस्ताचा विचार करताना प्रथम मुख्य पासवर्डचा विचार करावा. चाळीतील पाण्याच्या टाकीची किल्ली जशी कोणाच्याही हाती देत नाहीत, तसा हा पासवर्ड. लिनक्समध्ये साध्या वापरकर्त्याला प्रणालीत फेरफार करता येत नाहीत. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागतो, आणि सुरक्षिततेचा बराच भाग या एकाच व्यवस्थेवर उभा आहे. इंटरनेटवर सापडलेली आज्ञा, जिच्या आरंभी ‘सुडो’ असते, ती न समजता टर्मिनलमध्ये चिकटविणे म्हणजे त्या अनोळखी लेखकाच्या हाती किल्ली देणे होय. घरात एकच संगणक आणि वापरणारे पाच, अशी स्थिती दहा बाय बाराच्या खोलीत असते. तेथे प्रत्येकाचे वेगळे खाते उघडावे आणि मुलांना प्रशासकाचा अधिकार देऊ नये. मिंट व उबुंटूमध्ये फायरवॉल असते, पण ती मुळात बंद असते. ती चालू करावी. वायफायचा पासवर्ड सामायिक गॅलरीतून घरोघरी पोहोचलेला असेल, तर तो बदलावा, आणि राउटरसोबत आलेला त्याचा मूळ प्रशासकीय पासवर्डही.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य आपण ऐकले असेल. ते अर्धसत्य आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळातच कोणीतरी घुसले आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या दुव्यावर चोरदरवाजा असलेली बनावट प्रत लावली. अधिकृत ठिकाणाहून उतरविणारेही त्या दिवशी फसले. उतरविलेली फाईल अस्सल आहे की नाही, हे तिच्या ‘चेकसम’वरून, म्हणजे फाईलच्या गणिती ठशावरून, ताडून पाहता येते. तो ठसाही त्याच संकेतस्थळावर बदललेला असू शकतो म्हणून त्यावरील डिजिटल स्वाक्षरीही तपासतात. हे काम किचकट वाटल्यास बसवून देणाऱ्याला ‘ठसा जुळविलास का?’ असे विचारावे.

मार्च २०२४ मधील घटना याहून सूक्ष्म होती. ‘एक्सझेड’ नावाच्या, लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात एका सहकाऱ्याने दीर्घकाळ विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसविला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे खटकले, त्याने मूळ शोधले आणि २९ मार्च रोजी ते जाहीर केले. दूषित आवृत्ती तोवर मुख्यतः चाचणीच्या प्रणालींतच पोहोचली होती. घरच्या संगणकावर चाचणीची किंवा अगदी ताजी आवृत्ती नको, स्थिर व दीर्घ मुदतीचीच हवी, असे म्हणतात ते याच कारणास्तव.

तथापि, आपल्या परिसरात खरी लूट होते ती याहून सोप्या मार्गाने. ‘वीज आज रात्री तोडली जाईल’, ‘केवायसी अपुरी आहे’, ‘आम्ही पोलीस आहोत, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असा फोन किंवा संदेश येतो. दुसऱ्याला आपला पडदा दिसेल असे ॲप उतरविण्यास सांगितले जाते, आणि वृद्ध माणूस आपल्या हाताने ओटीपी वाचून दाखवितो. येथे लिनक्स आपले रक्षण करीत नाही. पासवर्ड तुम्हीच दिला, तर कोणती प्रणाली काय करणार? भारतीय कायद्यात डिजिटल अटक असा प्रकार नाही. पैसे गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

एक तक्रार मात्र आमच्या संपादकीय टेबलाशी निगडित आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मंडळाची इतिवृत्ते किंवा पत्रिका लिनक्सवर उघडली, की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाईल खराब झालेली नसते. तो मजकूर शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टांत बांधलेला असतो आणि तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसतो. अशा फाईली पुसू नयेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, चुका बहुधा तेथेच राहतात.

लिनक्स मिंट २१ ला सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदत एप्रिल २०२७ पर्यंत आहे, मिंट २२ ची २०२९ पर्यंत. आपल्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे ते ‘सिस्टम इन्फॉर्मेशन’मध्ये दिसते. ती तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवावी आणि नात सुट्टीवर घरी येईल तेव्हा पुढची आवृत्ती तिच्याकडूनच चढवून घ्यावी.