कोरड्या मातीतली ओली पालवी

फाल्गुन लागला की मावळातल्या आमच्या वावरात पहाटे शाल लागते आणि दुपारी बांधावरचा दगड हाताला चटका देतो. हवेत ओलावा नाही, आभाळात ढग नाही. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री अडवणारं कोणी नसतं. भातखाचरं भेगाळलेली, ओढ्यात नुसते गोटे. पाऊस जाऊन चार महिने झालेत, यायला अजून तीन आहेत.

आणि नेमक्या याच दिवसांत कोशिंबाला लालभडक पालवी फुटते! दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी तोच प्रश्न पडतो: हे पाणी आणलं कुठून?

उत्तर पानगळीत आहे. पानांवरच्या बारीक रंध्रांतून झाडाचं पाणी सतत उडून जात असतं. झाड पानं टाकतं तेव्हा ही गळती जवळजवळ थांबते. मुळं मात्र खोलवरची उरलीसुरली ओल शोषतच राहतात. आटत आलेल्या विहिरीत रात्रभर झरे पाझरतात आणि पहाटे हंडाभर पाणी मिळतं, तसंच हे. आपण ज्याला वाळकं म्हणून पुढे जातो, ते झाड त्या वेळी आतून भरत असतं. काटेसावरीचं लाकूड तर मऊ, सच्छिद्र. तिच्या खोडात पाणी भरपूर मावतं. त्या साठ्यावरच डोळे फुगतात, कळ्या उमलतात.

पण वेळ झाली हे कळतं कसं? आपल्याकडे डिसेंबरअखेरीस दिवस साधारण ११ तासांचा असतो, जूनमध्ये १३ तासांहून थोडा मोठा. मार्चमध्ये तो रोज जेमतेम एका मिनिटाने वाढतो. आपल्या ध्यानातही न येणारी ही वाढ पानझडी रानातल्या कितीतरी झाडांना कळते. मला त्यांच्या या जाणिवेपुढे पंचांग थिटं वाटतं.

कोवळ्या पानांची लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची. हरितद्रव्य पुरतं तयार होईपर्यंत ते कोवळ्या पानाला उन्हापासून जपतं. पावसाआधीच पालवण्याच्या या घाईलाही अर्थ आहे: पहिल्या पावसाबरोबर पानं खाणाऱ्या अळ्यांची झुंबड उडते, तोवर ही पानं जून झालेली असतात आणि पावसाळ्यातला उजेड पहिल्या दिवसापासून वापरायला तयार असतात.

या साठवलेल्या पाण्यावर सगळं रान जगतं. सावरीच्या जाड पाकळ्यांच्या पेल्यात मध असतो. त्यावर बुलबुल, साळुंक्या, शिंजीर, खारी तुटून पडतात. मध्य आशियाकडे परतण्याआधी भोरड्यांचे थवेही इथे पोट भरून घेतात. मध पिताना कपाळाला परागकण माखतात आणि पुढच्या झाडावर पोचतात. पळसाचं फूलही असंच पाखरांसाठी घडलेलं. चोच आत गेली की पाकळीची होडी उघडते. आसपास कोरडा माळ असताना हे मधाचे पेले भरलेले असतात, हे पाहून मी आजही थबकतो.

कोकणात काही गावांत होळीसाठी सावर तोडून उभी करतात. ती तेव्हा ऐन फुलात असते, खोड पाण्याने भरलेलं असतं. परंपरा आम्हालाही प्यारी आहे. तरी यंदा होळीचं झाड निवडताना आधी वर बघा, आणि फांद्यांवर फुलं नि पाखरं दिसली तर ते झाड राहू द्या.