फोनवरचा ईसीजी आणि छातीतली कळ

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या मंडळाने वर्गणी काढून एक छोटे यंत्र घेतले. बोटाएवढे लांब, बिस्किटाएवढे पातळ, सदऱ्याच्या खिशात सहज मावणारे. त्यावर दोन चकत्या असतात. दोन्ही हातांची बोटे त्यांवर टेकवून तीस सेकंद बसले की मोबाईलच्या पडद्यावर हृदयाची वरखाली होणारी रेघ उमटते. यालाच फोनवरचा ईसीजी म्हणतात. यंत्र विहाराच्या कपाटात ठेवले. रविवारी वंदना झाली की आजी-आजोबांची रांग लागायची. आम्हालाही बरे वाटायचे. चारशे घरांच्या वस्तीत, जिथे ईसीजी काढायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, तिथे ही सोय लहान नव्हती.

मग पावसाळ्यातल्या एका रात्री रिक्षा चालवणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्याच्या छातीत भरून आले. वय पंचेचाळीस. अंगाला दरदरून घाम सुटलेला. मुलगा धावत विहाराची चावी मागायला आला. यंत्र नेले, बोटे टेकवली, तीस सेकंद मोजले. पडद्यावर 'नॉर्मल' असे उमटले. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गॅस असेल म्हणून लिंबू-सोडा पाजला आणि दादाला झोपवले. पहाटे त्रास वाढला तेव्हा इस्पितळ गाठले. हार्ट अटॅक होता. जीव वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. आता जिना चढताना मध्ये थांबावे लागते, रिक्षा धाकटा भाऊ चालवतो.

यंत्र बिघडले नव्हते. त्याला जे काम येते ते त्याने बरोबर केले. जे त्याला येत नाही ते आम्ही त्याला विचारले आणि त्याचे उत्तर खरे मानले. चूक आमची होती. असे यंत्र आता पुष्कळ वस्त्यांत, मंडळांत, एखाद्या नोकरदार मुलाच्या घरात येऊ लागले आहे, म्हणून या वेळी त्याबद्दल नीट लिहायचे ठरवले.

हृदयाचा प्रत्येक ठोका एका बारीकशा विजेच्या लहरीने सुरू होतो. ही लहर हृदयाच्या वरच्या कप्प्यात उठते, खाली पसरते आणि तिच्या मागोमाग हृदयाचे स्नायू आकसतात. तिचा अंश कातडीपर्यंत पोहोचतो, तो टिपला की ईसीजी. हॉलंडमधल्या लेडन गावी विल्यम आइन्थोव्हन नावाच्या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे काम करणारे यंत्र बनवले. त्याचे वजन होते सुमारे 270 किलो आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून ठेवत. यंत्र इस्पितळात नेणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी 1905 मध्ये टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या इस्पितळातल्या रुग्णाचा ईसीजी आपल्या प्रयोगशाळेत काढून दाखवला. फोन आणि ईसीजी यांची सोयरीक तेव्हापासूनची आहे. 1924 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या खिशातल्या यंत्राचे तत्त्व तेच, फक्त बादल्या गेल्या आणि चकत्या आल्या. अमेरिकेत अलाइव्हकोर कंपनीच्या अशा यंत्राला 2012 च्या अखेरीस सरकारी परवानगी मिळाली. आपल्याकडे मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही हातात मावणारे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले आहे. शिवाय काही भारतीय कंपन्यांची यंत्रे बाजारात मिळतात. काहींना वायर असते, काही ब्लूटूथवर चालतात. अलाइव्हकोरचे साधे यंत्र तर फोनशी चक्क आवाजाने बोलते. तो आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, फोनचा माईक तो पकडतो. फोनच्या कव्हरने माईकचे भोक झाकले असेल तर रेघ उमटत नाही, आणि आपण समजतो यंत्र खराब!

आता मुख्य गोष्ट. इस्पितळात ईसीजी काढताना छातीवर सहा आणि हातापायांवर चार चिकटपट्ट्या किंवा चिमटे लावतात. त्यातून हृदय बारा बाजूंनी दिसते. दोन बोटांच्या यंत्रात ते एकाच बाजूने दिसते, उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे. एखाद्या चाळीकडे एकाच खिडकीतून पाहिले तर समोरच्या खोलीत दिवा लागलेला कळेल, मागच्या खोलीत आग लागली असेल तर नाही कळणार. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी एखादी नळी गुठळीने बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायूचा तुकडा मरू लागतो. तो तुकडा मागच्या किंवा समोरच्या भिंतीत असेल तर दोन बोटांच्या रेघेत काही दिसेलच असे नाही. हृदयाची लय मात्र त्या वेळी पूर्णपणे नियमित असू शकते. यंत्र पाहते ती लय. म्हणून 'नॉर्मल' याचा अर्थ एवढाच, की त्या तीस सेकंदांत ठोके नियमित होते. यंत्राच्या इंग्रजी माहितीपत्रकात हे लिहिलेले असते, पण रात्री बारा वाजता ते कोण वाचतो!

इस्पितळातला बारा बाजूंचा पहिला ईसीजीसुद्धा कधी कधी साफ येतो. म्हणून डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्ताची ट्रोपोनिन नावाची चाचणी करतात. जिथे डॉक्टर एका ईसीजीवर विसंबत नाहीत, तिथे आपण खिशातल्या यंत्रावर विसंबावे हे बरोबर नाही.

तेव्हा छातीत दाब आला, जडपणा आला, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाऊ लागली, थंड घाम सुटला, तर यंत्राला हात लावू नका. 108 ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते, पोटाच्या वरच्या भागात जळजळते, कमालीचा थकवा येतो. 'आईला पित्त झालंय' म्हणून आपण आल्याचा तुकडा देतो आणि वेळ जातो. वस्तीत आणखी एक अडचण म्हणजे रुग्णवाहिका गल्लीत शिरत नाही. माणसाला चालवत नेऊ नका, खुर्चीत बसवून दोघा-चौघांनी उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत न्या, आणि आधीच एका पोराला कोपऱ्यावर टॉर्च घेऊन उभे करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू वाचतो. पहिले दोन-तीन तास सर्वांत मोलाचे. खर्चाच्या भीतीने सकाळची वाट पाहू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या अशा उपचारांचा समावेश आहे. योजनेशी जोडलेल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी गाठा.

मग या यंत्राचा उपयोग काय? आहे, आणि तो मोठा आहे.

आमच्याच वस्तीत धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका मावशींना महिन्यातून दोन-तीनदा धडधड व्हायची. छातीत पाखरू फडफडतंय असे त्या सांगत. इस्पितळात पोहोचेपर्यंत धडधड थांबलेली असायची, ईसीजी साफ यायचा, आणि 'मन घट्ट करा, काळजी करू नका' एवढे सांगून त्यांना परत पाठवले जायचे. एका दुपारी धडधड सुरू असतानाच त्यांच्या सुनेने यंत्रावर बोटे ठेवून घेतली. रेघ वाकडीतिकडी, ठोक्यांमधले अंतर कधी कमी कधी जास्त. तो कागद डॉक्टरांना दाखवल्यावर सोनोग्राफीसारखी हृदयाची इको तपासणी झाली आणि झडप अरुंद झाल्याचे निघाले.

या वाकड्यातिकड्या लयीला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साचते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, ती मेंदूकडे गेली तर लकवा. अशा माणसाला लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो. वेळेवर कळले तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी हा धोका बराच टळतो. मात्र या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, मनाने वाढवायच्या नाहीत. त्यांतल्या काही गोळ्यांसाठी वेळोवेळी आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करावीच लागते.

मावशींच्या झडपेचा आजार बहुधा लहानपणीचा. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना घशात एका विशिष्ट जंतूचा संसर्ग होतो. त्याकडे दुर्लक्ष झाले तर काहींना पुढे ताप येतो, आज गुडघा उद्या घोटा असे सांधे सुजतात, आणि हृदयाच्या झडपांवर कायमचा व्रण राहतो. याला संधिवाताचा ताप म्हणतात. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात अशा घरांत हा जंतू जास्त पसरतो, त्यामुळे हा आजार श्रीमंतांच्या देशांतून जवळपास गेला आणि आपल्याकडे राहिला. यात नशिबाचा काही भाग नाही, खोलीच्या आकाराचा आहे. मुलाचा घसा तापासह दुखत असेल तर दवाखान्यात दाखवा, आणि एकदा हा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टर सांगतील तितकी वर्षे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकवू नका.

यंत्र वापरताना काही साध्या गोष्टी. पाच मिनिटे शांत बसा, मग हात मांडीवर किंवा टेबलावर टेकवून ठेवा, बोलू नका. हात थरथरले तर रेघही थरथरते. गवंडीकाम, सिमेंट, भांडी घासणे यांनी ज्यांची बोटे कोरडी आणि राठ झाली आहेत त्यांच्या कातडीतून वीज नीट पोहोचत नाही. बोटे ओल्या फडक्याने किंचित पुसून घ्या. फोन चार्जिंगला लावलेला असेल तर काढा, नाहीतर घरातल्या विजेची बारीक थरथर रेघेत मिसळते. पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि एका फोनवर अनेकांची नोंद करता तेव्हा नाव-वय बदलायला विसरू नका. आमच्याकडे एका आजोबांची रेघ सोळा वर्षांच्या नातीच्या नावाने डॉक्टरकडे गेली होती!

पडद्यावर 'पॉसिबल एट्रियल फिब्रिलेशन' आले तर तो निकाल नव्हे, शंका आहे. घाबरून जाऊ नका, पण त्याच आठवड्यात बारा बाजूंचा ईसीजी काढा. 'ब्रॅडीकार्डिया' म्हणजे ठोके मंद, 'टॅकीकार्डिया' म्हणजे ठोके वेगात. 'अनक्लासिफाइड' म्हणजे यंत्राला ठरवता आले नाही, आणि 'अनरीडेबल' म्हणजे रेघ वाचण्याजोगी नाही, पुन्हा काढा. चक्कर येऊन पडणे, शुद्ध जाणे, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काही झाले तर पडद्यावर काहीही लिहिलेले असो, थेट इस्पितळ.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके साधारण 60 ते 100 असतात. कष्टाची सवय असलेल्यांचे थोडे कमीही असू शकतात. मोजताना ताल धरून पाहा. लेझमीचा ताल जसा एकसारखा पडतो तसा पडतोय, की मध्येच तुटतोय, धावतोय, अडखळतोय? सारखा तुटत असेल तर दवाखान्यात सांगा. हे शिकायला पाच मिनिटे लागतात. आमच्या महिला मंडळातल्या दहावी नापास मुलींनी ते आमच्याआधी शिकून घेतले.

विकत घ्यायचेच असेल तर यंत्र काही हजारांना पडते. आपला फोन त्याला चालतो का, दरवर्षी वेगळे पैसे मागतात का, हे आधी विचारा. आणि बोट कॅमेऱ्यावर ठेवून किंवा फोन छातीला लावून रक्तदाब सांगणाऱ्या फुकटच्या ॲपवर विश्वास ठेवू नका. 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचे असे एक ॲप अमेरिकेत खूप विकले गेले. संशोधकांनी तपासले तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्या दर दहांपैकी जवळजवळ आठ जणांना ते तुमचे ठीक आहे असे सांगत होते. 2016 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. रक्तदाब मोजायचा तर दंडावर पट्टा हवा. कोरोनाच्या काळात घरोघर आलेल्या ऑक्सिमीटरबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. काळसर कातडीच्या माणसांमध्ये ते प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकते, हे 2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले. आपल्यापैकी बहुतेकांचा रंग कोणता ते सांगायला नको. आकडा चांगला आणि दम मात्र लागतोय, तर दमावर विश्वास ठेवा.

आमचे यंत्र अजून विहाराच्या कपाटातच आहे. मात्र त्याच्या डबीवर आता जाड अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'छातीत दुखत असेल तर ही डबी उघडू नका. 108.' चिठ्ठी त्या रिक्षावाल्या दादांच्या मुलाने लिहिली आहे.