सुवासिक गुलाबाची निगा

परसातील गुलाब पहिली दोन-तीन वर्षे घमघमतो; पुढे झुडूप जोमाने वाढते, पण फुले मात्र लहान व वासहीन येऊ लागतात, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. जात फसवी निघाली असे समजून लोक झाड उपटतात. वास्तविक सुवासिक गुलाबाचा डोळा बहुधा रानटी गुलाबाच्या खुंटावर भरलेला असतो. डोळ्याच्या खालून खुंटाला फुटवे येतात, अन्नरस तेच ओढून घेतात आणि वरचे कलम हळूहळू मरते. केवळ पानांवरून असे फुटवे ओळखण्यात चूक होते. म्हणून बुंध्याजवळची माती उकरून फुटवा कोठून निघाला ते पाहावे व तो मुळापासून खेचून काढावा. नुसता वरून कापल्यास तेथून आणखी फुटवे येतात.

महाराष्ट्रात छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात करतात. वाळलेल्या व गुंतलेल्या फांद्या काढाव्यात. उरलेल्या, बाहेर वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरप्या कापाव्यात. कापांवर बोर्डो मलम लावावे, नाहीतर फांदी शेंड्याकडून काळी पडून वाळत येते. नंतर कुजलेले शेणखत घालून पाणी द्यावे. सुमारे ४५ दिवसांत बहर येतो. कनौजच्या अत्तराचा दमास्क गुलाब मात्र मार्च-एप्रिलमध्ये एकदाच फुलतो. त्याच्याकडून बारमाही फुलांची अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

गुलकंदासाठी फुले ऊन चढण्यापूर्वी तोडावीत, कारण उष्णतेने सुगंधी तेल उडून जाते. कीटकनाशक फवारलेल्या झाडांची फुले त्यासाठी मुळीच घेऊ नयेत.