नव्वद जोड परत आले तेव्हा...

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपल्याकडच्या कापडाच्या आणि चपलांच्या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या पाहायला मिळते. अमेरिकेतल्या एका खेडवळ दुकानाने मात्र नेमकी याच्या उलट पाटी लावून धंदा उभा केला आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ घराण्यातच टिकवला. फ्रीपोर्ट गावच्या 'एल. एल. बीन' या दुकानाची ही हकीकत.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. दाट जंगल, तळी, नद्या आणि कडाक्याची थंडी असा हा मुलूख. लिऑन लिओनवूड बीन यांचा जन्म इथलाच, १८७२ सालचा. लहानपणीच काही दिवसांच्या अंतराने आई आणि वडील दोघेही गेले. पुढे भावाबरोबर दुकानदारी करणाऱ्या बीन यांना शिकारीचा आणि मासेमारीचा भारी नाद. १९११ साली ते शिकारीहून परतले ते ओलेचिंब, गारठलेले पाय घेऊनच. निव्वळ चामड्याचे बूट पाणी पितात आणि निव्वळ रबराचे बूट पायाला जड होतात. मग दोन्ही जोडून पाहिले तर? त्यांनी चांभाराकडून रबरी तळव्यावर चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. बूट हलका झाला आणि चिखलातही पाय कोरडा राहू लागला.

१९१२ साली चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना बीन यांनी एक पत्रक छापले. बाहेरगावाहून मेनमध्ये शिकारीला येणाऱ्या परवानाधारकांची यादी मिळवून त्यांना ते टपालाने पाठवले. 'समाधान न झाल्यास पैसे परत', असे वचन त्यात होते. शंभर जोड विकले गेले. त्यांतले नव्वद परत आले! शिवणीपाशी रबर फाटत होते.

नवखा दुकानदार इथेच बुडाला असता. कबूल केलेले पैसे द्यावेत, तर धंदा बसणार आणि न द्यावेत, तर शब्द जाणार. बीन यांनी प्रत्येकाचे पैसे परत केले, कर्ज काढले, रबर सुधारून घेतले आणि बूट पुन्हा नव्याने विकायला काढले. १९१३च्या जानेवारीत अमेरिकेत पार्सल टपाल सुरू झाले. त्यामुळे दूरदूरच्या गिऱ्हाइकांना माल पाठवणे सोपे झाले.

पुढे बुटांच्या जोडीला रानावनात वापरण्याचे कोट, सदरे आणि पिशव्याही आल्या. बीन आपला माल स्वतः वापरून पाहत आणि सूचिपत्रातला मजकूरही स्वतःच, साध्या बोलीत लिहीत. जंगलाकडे निघालेले शिकारी रात्री-अपरात्री फ्रीपोर्टहून जात आणि दुकानाची घंटा वाजवत. तेव्हा १९५१ साली बीन यांनी दुकान अहोरात्र उघडे ठेवायचे ठरवले. १९५४ मध्ये स्त्रियांसाठीही वेगळा विभाग सुरू झाला.

१९६७ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी बीन यांचे निधन झाले आणि सूत्रे नातू लिऑन गॉर्मन यांच्याकडे आली. आजोबांच्या उतारवयात धंदा थोडा सुस्तावला होता. गॉर्मन यांनी कारभाराला शिस्त लावली, पण आजोबांचे वचन बदलले नाही. पन्नास लाख डॉलरांच्या आत असलेली वार्षिक विक्री त्यांच्या कारकिर्दीत शंभर कोटींच्या पलीकडे गेली. २००१ साली त्यांनी प्रथमच घराण्याबाहेरच्या माणसाला, ख्रिस मॅकॉर्मिक यांना अध्यक्ष केले. मालकी मात्र घरातच राहिली. २०१३ पासून बीन यांचे पणतू शॉन गॉर्मन संचालक मंडळाचे प्रमुख झाले.

त्यांच्याच काळात त्या जुन्या वचनाची सर्वांत कठीण परीक्षा झाली. 'कधीही परत करा' या सवलतीचा काहीजण गैरफायदा घेऊ लागले. वर्षानुवर्षे वापरून जीर्ण झालेले कपडे परत येऊ लागले. जुन्या बाजारात कवडीमोलाने घेतलेल्या वस्तू आणून लोक नव्या मागू लागले. पाच वर्षांत पंचवीस कोटी डॉलरांचा फटका बसल्याचे कंपनीने सांगितले. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये परतीला एक वर्षाची मुदत आली आणि खरेदीची पावती आवश्यक झाली. वर्षानंतरही मालातच दोष निघाला, तर तक्रार ऐकून घेण्याची तयारी दुकानाने ठेवली. अनेक जुन्या गिऱ्हाइकांना हे रुचले नाही, काहींनी कोर्टाची पायरीही चढली.

दुकानदाराने शब्द पाळावा, असे सगळेच म्हणतात. तो शब्द टिकवायला गिऱ्हाइकाचा प्रामाणिकपणाही लागतो, हे फ्रीपोर्टच्या या दुकानाला शंभर वर्षांनी कळले. पहिल्या नव्वद गिऱ्हाइकांचे बूट खरोखरच फाटले होते. त्यांचे पैसे परत करताना बीन यांना नुकसान सोसावे लागले, पण त्यातूनच घराण्याचे नाव झाले. तो बूट आजही मेनमध्येच शिवला जातो आणि झिजला, तर नवा तळवा बसवून पुन्हा पायात घालता येतो.