मुकुल शिवपुत्र : सुळेभावीच्या कुमारांचा मुलगा आणि त्याची वाट पाहणारे इंदूरकर

इंदूर : बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ पुढे कुमार गंधर्व झाला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण ते 'शिवपुत्र' नाव आडनावासारखं लावणारा त्यांचा थोरला मुलगा, पंडित मुकुल शिवपुत्र, आपल्या भागात त्या मानानं कमी ऐकला जातो. इंदूर-देवासच्या रसिकांत मात्र त्याचा विषय निघाला की गप्पा लवकर संपत नाहीत.

गप्पा दोन प्रकारच्या असतात. एक गाण्याच्या. दुसऱ्या, 'बुवा येणार का, आले तर गाणार का' या. दुसऱ्या प्रकारच्या जास्त रंगतात, हेच दुखणं आहे.

मुकुलजींचा जन्म १९५६ चा. वडिलांकडून ख्याल, के. जी. गिंडे यांच्याकडून धृपद-धमार आणि एम. डी. रामनाथन यांच्याकडून कर्नाटक संगीत, अशी तालीम क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. आई भानुमती १९६१ मध्ये गेल्या, तेव्हा ते पाच वर्षांचे होते. पुढे पत्नीही मुलगा भुवनेश लहान असतानाच गेली. मग मैफिली सोडून निघून जाणं, कुठंतरी भटकणं, व्यसन. २००९ साली ते भोपाळमध्ये देवळाबाहेर आणि नंतर होशंगाबादला सापडल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. मध्य प्रदेश सरकार जागं झालं, ख्याल केंद्राची घोषणा झाली. त्या बातम्यांत राग कुठला, बंदिश कुठली, याचा एक शब्द नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. लंडनचा पीटर ग्रीन हा ब्लूज गिटारवादक. १९६७ मध्ये त्यानं फ्लीटवूड मॅक हा बँड काढला आणि १९७० मध्ये ऐन भरात सोडला. पैसे वाटून टाकले, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, विजेचे झटके घ्यावे लागले. नव्वदीच्या दशकात तो पुन्हा वाजवू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये जुन्या साथीदारानं लंडनला त्याच्या सन्मानार्थ मोठी मैफल केली, तिला तो स्वतः नव्हता. जुलैमध्ये गेला. त्याच्या गिटारचा आवाज वेगळा का, तर पिकअपमधलं चुंबक उलटं बसलेलं, यावर चाहते अजून वाद घालतात. पण ती गिटार आता दुसऱ्याच्या हातात आहे, आणि पीटर दोन सुरांमध्ये जी जागा मोकळी सोडायचा ती काही चुंबकातून येत नव्हती.

(मुकुलजींचं दुखणं तेच, असं मी म्हणत नाही. लांबून कुणाचं निदान करायचा आपल्याला अधिकार नाही.)

'दुःख भोगलं म्हणून गाणं असं' हे वाक्य मला पटत नाही. कुमारांचंच बघा ना. १९४८ मध्ये क्षयानं आजारी होऊन ते देवासला आले आणि पाचेक वर्षं गाणं बंद राहिलं. क्षयानं त्यांना गायक केलं नाही, उलट एक फुप्फुस निकामी केलं. ते उठले ते स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध मिळालं म्हणून, आणि भानुताईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं, सेवा केली म्हणून. अंथरुणावरून कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं त्यांनी मनात साठवली, ही त्यांची कमाई. त्यात आजाराचं श्रेय कसलं?

मुकुलजींच्या बाबतीत हा हिशेब रसिकांनी उलटा मांडला. लहरीपणाच्या गोष्टींना दाद दिली, सांभाळणारं माणूस रोज लागतं हे विसरले. तिकीट काढून आलेला श्रोता रिकामा परतला तर चिडणारच, त्यात चूक नाही. पण पुढच्या वेळी तोच श्रोता पुन्हा पहिल्या रांगेत येतो, कारण गाणं लागलं की काय होतं ते त्यानं ऐकलेलं असतं.

काय होतं? वडिलांची छोट्या, धारदार तुकड्यांची मांडणी त्यांच्याकडे आहे, पण घाई नाही. धृपदाची तालीम सुरावर थांबण्यात दिसते. एका स्वरावर ते इतका वेळ राहतात की पुढचा स्वर कुठला येणार हे आपणच मनात गाऊ लागतो, आणि ते भलतीकडूनच येतात.

त्यांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज मिळतात. लावलीत तर सुरुवातीची दहा मिनिटं पुढं सरकवू नका. तंबोरा आणि पहिला षड्ज, खरं काम तिथंच चाललेलं असतं.